हिपॅटायटिस सीची लस अजून का नाही?

हिपॅटायटिसच्या, म्हणजे विषाणूमुळे यकृताला येणाऱ्या सुजेच्या, ए प्रकारावर लस आहे. बी प्रकारावरची लस तर आपल्याकडे सरकारी रुग्णालयांतही बाळाला जन्मानंतर चोवीस तासांच्या आत टोचली जाते. ई प्रकारावरच्या लशीला चीनने २०११ मध्ये मान्यता दिली. सी प्रकाराचा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला, त्या शोधाबद्दल २०२० मध्ये नोबेल पारितोषिक दिले गेले आणि हा आजार मुळापासून बरा करणाऱ्या गोळ्या बाजारात येऊनही दहा वर्षे उलटून गेली. तरीही त्याच्यावर लस नाही. प्रयत्न झाले नाहीत असे मुळीच नाही. हे प्रयत्न कुठे अडले हे पाहिले, तर हा विषाणू किती बेरकी आहे आणि लस बनवणे म्हणजे नेमके काय करणे, या दोन्ही गोष्टी समजतात.

सी प्रकारचा विषाणू रक्तावाटे पसरतो. निर्जंतुक न केलेल्या सुया, तपासणी न झालेले रक्त, डायलिसिसच्या वेळची निष्काळजी आणि अमली पदार्थ टोचून घेताना एकमेकांत वापरलेली सिरिंज हे त्याचे मुख्य मार्ग आहेत. दूषित पाण्यातून होणारी कावीळ ए किंवा ई प्रकारामुळे होते आणि बहुतेक वेळा आपोआप उतरते. गावोगावच्या काविळीच्या औषधांना यश येते ते बरेचसे याच कारणामुळे. सीच्या बाबतीत मात्र बहुतेकांना कावीळ होतच नाही. संसर्ग होतो, थोडा थकवा येतो किंवा तोही येत नाही आणि पुढे वीस-पंचवीस वर्षे यकृतावर हळूहळू व्रण साठत जातात. सिरोसिस (व्रणांनी यकृत कडक होऊन निकामी होत जाणे) किंवा यकृताचा कर्करोग झाल्यावरच अनेकांना आपल्या आजाराचा पत्ता लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा जुनाट संसर्ग आहे, दरवर्षी सुमारे १० लाख लोकांना तो नव्याने होतो आणि २०२२ मध्ये त्याने सुमारे २ लाख ४२ हजार जणांचा बळी घेतला. त्याच वर्षी भारतातील बाधितांची संख्या सुमारे ५५ लाख मानली गेली आहे.

औषध आहे, तर लस कशाला, हा प्रश्न रास्त आहे. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोसबुव्हिर या औषधाला मान्यता मिळाली, तेव्हा एका गोळीची किंमत सुमारे हजार डॉलर होती; पुढे भारतीय कंपन्यांनी परवाना घेऊन जेनेरिक गोळ्या बनवायला सुरुवात केली आणि ही किंमत झपाट्याने उतरली. २८ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारने सुरू केलेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि उपचार दोन्ही मोफत आहेत. बहुतेक रुग्णांना बारा आठवडे गोळ्या घ्याव्या लागतात आणि शंभरातले पंचाण्णवहून अधिक बरे होतात. मात्र गोळी घेण्यासाठी आधी आजार ठाऊक असावा लागतो. २०२२ अखेर जगातील बाधितांपैकी जेमतेम ३६ टक्क्यांचे निदान झाले होते आणि २० टक्क्यांपर्यंतच उपचार पोहोचले होते. शिवाय बरे होणे म्हणजे पुढच्या संसर्गापासून संरक्षण मिळणे नव्हे. आज बऱ्या झालेल्या माणसाला दूषित सुई टोचली गेली, तर तोच आजार पुन्हा होऊ शकतो.

लशीवाचून भागते, हे दाखवण्यासाठी इजिप्तचे उदाहरण पुष्कळदा दिले जाते. त्या देशात १९५० ते १९८० च्या दशकांत शिस्टोसोमियासिस या परजीवीजन्य रोगावर सामुदायिक इंजेक्शन मोहिमा झाल्या. त्याच त्या सुया वापरल्याने हा विषाणू घराघरांत पोहोचला आणि इजिप्त जगातील सर्वांत बाधित देशांपैकी एक ठरला. त्याच देशाने २०१८ पासून सहा कोटींहून अधिक लोकांची तपासणी करून लाखोंवर मोफत उपचार केले आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेकडून निर्मूलनाच्या वाटेवरील सुवर्ण श्रेणी मिळवली. हे यश खरोखर मोठे आहे. परंतु अवघ्या प्रौढ लोकसंख्येला वर्षभरात तपासणीच्या रांगेत उभे करण्याची ताकद प्रत्येक सरकारात असेल, असे गृहीत धरून जगाचे धोरण आखता येणार नाही, असे मला वाटते.

आता या विषाणूकडे वळू. १९७० च्या दशकात अमेरिकेत हार्वी ऑल्टर यांच्या लक्षात आले की रक्त घेतल्यानंतर हिपॅटायटिस होणाऱ्या बऱ्याच रुग्णांमध्ये ए किंवा बी यांपैकी कोणताच विषाणू सापडत नाही. या आजाराला ‘ए नव्हे, बी नव्हे’ असेच नाव पडले. तो घडवणारा विषाणू सूक्ष्मदर्शकाखाली दिसेना आणि काचपात्रातल्या पेशींत वाढेना. शेवटी कॅलिफोर्नियातील कायरॉन कंपनीत मायकेल हॉटन, क्वी-लिम चू आणि जॉर्ज क्वो यांनी डॅनियल ब्रॅडली यांच्या साहाय्याने वेगळाच मार्ग धरला. त्यांनी बाधित चिंपांझीच्या रक्तद्रवातील सगळी जनुकीय सामग्री गोळा केली, तिचे लाखो तुकडे जिवाणूंमध्ये घालून त्यांच्याकडून त्या तुकड्यांची प्रथिने बनवून घेतली आणि त्यांतले कोणते प्रथिन रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंडांना (विषाणू ओळखून त्याला चिकटणाऱ्या, शरीराने बनवलेल्या प्रथिनांना) ओळखीचे वाटते ते तपासले. त्या ढिगाऱ्यातून ५-१-१ या क्रमांकाचा एक तुकडा हाती लागला आणि त्याच्या आधाराने संपूर्ण विषाणूचा जनुकसंच उलगडला. विषाणू डोळ्यांना दिसण्याआधीच त्याची जनुके वाचली गेली होती. १९९७ मध्ये चार्ल्स राइस यांच्या गटाने या जनुकसंचाची प्रत चिंपांझीच्या यकृतात टोचून आजार घडवून दाखवला आणि हाच विषाणू कारणीभूत आहे, हे सिद्ध झाले. नोबेल मिळाले ते ऑल्टर, हॉटन आणि राइस यांना.

शोधाची ही रीत जितकी देखणी, तितकीच ती लस बनवणाऱ्यांची अडचण सांगणारी आहे. लशीची जुनी, भरवशाची पद्धत म्हणजे विषाणू भरपूर वाढवायचा आणि मग त्याला मारायचे किंवा दुबळे करायचे. पोलिओ, गोवर आणि रेबीज यांच्या लशी अशाच आल्या. सीचा विषाणू प्रयोगशाळेत वाढतच नसल्याने हा मार्ग पहिल्या दिवसापासून बंद होता. तो थोडा उघडला २००५ मध्ये, जपानच्या ताकाजी वाकिता यांच्या कामामुळे. अतितीव्र हिपॅटायटिस झालेल्या एका जपानी रुग्णाकडून मिळालेला जेएफएच-१ हा वाण पेशींमध्ये वाढतो, हे तेव्हा दिसून आले. म्हणजे विषाणूची ओळख पटल्यापासून तो हवा तसा वाढवता येईपर्यंत सोळा वर्षे गेली.

बी प्रकाराची लस सोपी का होती, हे येथे सांगितले पाहिजे, कारण तुलना नेहमी तिच्याशीच होते. हिपॅटायटिस बीच्या विषाणूच्या पृष्ठभागावरचे एक प्रथिन यीस्टमध्ये बनवून टोचले की काम भागते. त्या विषाणूचा जनुकसंच इतका आटोपशीर आहे की एकाच पट्ट्यावर दोन-दोन जनुके एकमेकांवर लिहिलेली असतात. एका ठिकाणी अक्षर बदलले की दुसऱ्या जनुकातही बिघाड होऊ शकतो, म्हणून त्याला मनसोक्त बदलता येत नाही. सीच्या विषाणूवर असे बंधन फारसे नाही. त्याचा जनुकसंच म्हणजे सुमारे ९,६०० अक्षरांचा आरएनएचा एकच धागा. त्याची नक्कल करणाऱ्या एनएस५बी या विकराला (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाला) आपल्या हातून झालेल्या चुका दुरुस्त करता येत नाहीत. बाधित माणसाच्या शरीरात रोज सुमारे एक लाख कोटी नवे विषाणू तयार होतात आणि नक्कल होताना जागोजागी चुका राहतात. परिणामी एकाच रुग्णाच्या रक्तात एक विषाणू नसतो. एकमेकांहून किंचित वेगळ्या विषाणूंची झुंबड असते आणि शरीर त्यांपैकी काहींना ओळखून मारते, तोवर उरलेले वाढतात.

माणसामाणसांमधला फरक त्याहून मोठा. या विषाणूचे आठ मुख्य जनुकप्रकार आणि नव्वदच्या आसपास उपप्रकार माहीत आहेत. दोन जनुकप्रकारांच्या अक्षरांमध्ये सुमारे ३० टक्के अंतर असते. आठवा प्रकार २०१८ मध्ये नोंदला गेला, तो कॅनडात राहणाऱ्या मूळच्या पंजाबमधील रुग्णांमध्ये. भारतात तिसरा प्रकार सर्वाधिक आढळतो आणि त्याखालोखाल पहिला. अमेरिकेत पहिल्याचे प्राबल्य आहे, इजिप्तमध्ये चौथ्याचे. म्हणजे एका देशासाठी बनवलेली लस दुसऱ्या देशात चालेलच, अशी खात्री नाही.

विषाणूच्या आवरणावर ई१ आणि ई२ अशी दोन प्रथिने असतात. त्यांतील ई२ च्या टोकाला २७ अमिनो आम्लांचा एक तुकडा आहे, ज्याला अतिपरिवर्तनशील प्रदेश म्हणतात. शरीराचे लक्ष सर्वांत आधी त्याच्याकडे जाते, त्याच्याविरुद्ध भरपूर प्रतिपिंडे बनतात, आणि विषाणू नेमका तोच तुकडा बदलत राहतो. पोलिसांनी चोराच्या टोपीचे बारीकसारीक वर्णन लिहून घ्यावे आणि चोराने दुसऱ्या दिवशी टोपीच बदलावी, तशातला हा प्रकार आहे. चेहरा मात्र झाकलेला राहतो. ई२ चा जो भाग यकृतपेशीवरील सीडी८१ या प्रथिनाला चिकटतो, तो विषाणूला फार बदलता येत नाही, कारण तो बदलला की पेशीत शिरणेच अवघड होते. पण त्याच्या भोवती साखरेच्या रेणूंचे दाट कुंपण असते. त्यातच हा विषाणू रक्तातील मेदाच्या कणांना बिलगून फिरतो. आपल्याच शरीरातील मेदासारखे दिसणाऱ्या या गोळ्याला प्रतिपिंडांनी गाठावे तरी कसे?

एवढे वाचून ही लस अशक्यच आहे असे वाटेल, पण वस्तुस्थिती तशी नाही आणि माझ्या मते या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. संसर्ग झालेल्यांपैकी साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश लोक कोणत्याही औषधाशिवाय सहा महिन्यांच्या आत विषाणूला पूर्णपणे घालवतात. अशा लोकांना पुन्हा संसर्ग झाला, तर त्यांतले बहुसंख्य दुसऱ्यांदाही त्यातून मुक्त होतात, आणि तेही पहिल्यापेक्षा लवकर व कमी विषाणूसंख्येवर. एड्सच्या विषाणूबाबत असे उदाहरण जवळजवळ सापडत नाही. म्हणजे मानवी शरीराला या शत्रूचा पाडाव करता येतो. जे बरे होतात, त्यांच्यात दोन गोष्टी ठळक दिसतात: विषाणूच्या आतील प्रथिनांवर हल्ला करणाऱ्या टी पेशी (बाधित पेशी ओळखून मारणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) अनेक ठिकाणी एकाच वेळी मारा करतात, आणि अनेक वाणांना एकदम निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे लवकर तयार होतात. ज्यांच्यात आजार जुनाट होतो, त्यांच्या टी पेशी काही महिन्यांत थकून जातात. लशीने करायचे ते एवढेच, की बरे होणाऱ्यांच्या शरीरात जे आपोआप घडते ते सर्वांच्या शरीरात आधीच घडवून ठेवायचे. आणखी एक सवलत अशी की संसर्ग पूर्ण रोखला नाही तरी चालेल. विषाणू काही आठवडे शरीरात राहून निघून गेला, तर यकृताचे कायमचे काही बिघडत नाही. लशीने फक्त तो जुनाट होऊ द्यायचा नाही.

पहिला आशादायक प्रयोग १९९४ चा. हॉटन यांच्याच गटाने ई१ आणि ई२ ही प्रथिने शुद्ध करून सात चिंपांझींना टोचली आणि नंतर त्यांना त्याच वाणाचा विषाणू दिला. सर्वाधिक प्रतिपिंडे तयार झालेल्या पाच चिंपांझींना संसर्ग झालाच नाही. परंतु विषाणू त्याच वाणाचा होता, आणि खरी परीक्षा वेगळ्या वाणांविरुद्ध होती. पुढे या प्रयोगांचा आधारच नाहीसा झाला. मानवाखेरीज हा विषाणू खऱ्या अर्थाने फक्त चिंपांझीत वाढतो. माणसाच्या इतक्या जवळच्या प्राण्यावर प्रयोग करणे नैतिकदृष्ट्या असह्य ठरत गेले आणि २०१५ मध्ये अमेरिकेने सरकारी खर्चाने चाललेले असे संशोधन थांबवले. हा निर्णय योग्यच होता. पण त्यामुळे लस थेट माणसांवर तपासण्यावाचून पर्याय राहिला नाही.

अशी एकच मोठी चाचणी आजवर झाली आहे. २०१२ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर, सॅन फ्रान्सिस्को आणि अल्बुकर्की येथे ती सुरू झाली. सर्वसाधारण लोकसंख्येत नवा संसर्ग इतका विरळ आहे की लशीचा फरक दिसण्यासाठी लाखो माणसे लागली असती. म्हणून सुईने अमली पदार्थ घेणारे, पण संसर्ग न झालेले १८ ते ४५ वयोगटातील ५४८ जण निवडले गेले. निम्म्यांना लस आणि निम्म्यांना निरुपद्रवी द्रव दिला गेला. लस दोन टप्प्यांची होती. पहिल्या डोसमध्ये चिंपांझीतला एक अ‍ॅडेनोव्हायरस वाहक म्हणून वापरला होता. ज्यांनी कोव्हिशिल्ड घेतली, त्यांच्या दंडात याच युक्तीचा दुसरा अवतार गेला आहे. आठ आठवड्यांनी दिलेल्या दुसऱ्या डोसमध्ये देवीच्या लशीचा, खूप दुबळा केलेला विषाणू वाहक होता. दोन्हींमध्ये सीच्या विषाणूच्या आतील प्रथिनांची जनुके भरली होती. उद्देश टी पेशी घडवण्याचा होता. आवरणावरची ई१ आणि ई२ ही प्रथिने लशीत नव्हतीच.

निकाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. लस सुरक्षित ठरली. लस घेतलेल्या ७८ टक्के लोकांमध्ये विषाणूविरुद्ध टी पेशी तयार झाल्या. परंतु ठरलेले सर्व टप्पे पूर्ण केलेल्यांमध्ये जुनाट संसर्ग झालेल्यांची संख्या लशीच्या गटात १४ आणि दुसऱ्या गटातही १४ निघाली. थोडक्यात, ज्यासाठी लस दिली होती, ते झाले नाही. एकच धागा हाती लागला: संसर्ग झालेल्यांपैकी ज्यांनी लस घेतली होती, त्यांच्या रक्तातील विषाणूंची सर्वोच्च संख्या दुसऱ्या गटापेक्षा दहापटीहून कमी होती. लशीने विषाणूला आवरले, पण घालवले नाही.

या अपयशाचे विच्छेदन अजून चालू आहे. लशीतील प्रथिने १बी या उपप्रकाराची होती, तर अमेरिकेतील या समूहात प्रामुख्याने १ए आणि ३ए फिरतात. टी पेशींना दाखवलेले चित्र आणि प्रत्यक्ष समोर आलेला विषाणू यांत तफावत होती. तयार झालेल्या टी पेशी योग्य जातीच्या व पुरेशा होत्या का, हा दुसरा प्रश्न. आणि तिसरा, मला सर्वांत वजनदार वाटणारा: प्रतिपिंडांशिवाय केवळ टी पेशींच्या बळावर लढाई जिंकता येईल ही अपेक्षाच अवाजवी होती का? बरे होणाऱ्यांच्या शरीरात दोन्ही एकत्र असतात. मग लशीत एकावरच भिस्त का ठेवली, असे आज विचारणे सोपे आहे. तेव्हा ई१ आणि ई२ ही प्रथिने योग्य आकारात बनवणेच जमत नव्हते, हे ध्यानात घ्यायला हवे.

तेच आता जमू लागले आहे. ई२ च्या गाभ्याची रचना २०१३ मध्ये कळली. २०२२ मध्ये अमेरिका आणि नेदरलँड्समधील संशोधकांनी अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने ई१ आणि ई२ ची जोडी, तिला चिकटलेल्या तीन व्यापक प्रतिपिंडांसह, अणूंच्या पातळीवर पाहिली. या प्रतिपिंडांना साखरेच्या कुंपणातली फट नेमकी कुठे सापडते, हे त्यातून दिसते. आता ही जोडी सुटून न पडता घट्ट राहील अशी तिची बांधणी करणे, टोकाचा अतिपरिवर्तनशील तुकडा कापून टाकून शरीराचे लक्ष फारशा न बदलणाऱ्या जागेकडे वळवणे, ती अतिसूक्ष्म कणांवर ओळीने बसवणे किंवा एमआरएनएच्या, म्हणजे ती बनवण्याच्या सूचनेच्या, रूपात देणे, अशा वाटांवर काम चालू आहे. चिंपांझींची जागा काही प्रमाणात उंदरांनी घेतली आहे: घुशींमध्ये सीच्या विषाणूचा एक दूरचा भाऊबंद सापडला असून त्याचा संसर्गही जुनाट होतो, त्यामुळे लशीमागची तत्त्वे तरी तिथे तपासता येतात. अर्थात घुशीचा विषाणू तो घुशीचाच. तिथे यश मिळाले म्हणून माणसात मिळेलच असे नाही.

मग माणसात तपासायचे कसे? अशा दुसऱ्या चाचणीसाठी पुन्हा शेकडो लोक अनेक वर्षे शोधायचे, त्यांच्या मागे लागायचे, आणि तेही गोळ्या उपलब्ध असल्यामुळे कंपन्यांना लशीच्या बाजारपेठेची खात्री वाटत नसताना. खर्च एवढा आणि मोबदला अनिश्चित, म्हणून मोठ्या औषध कंपन्या या क्षेत्रात फारशा उतरत नाहीत. विरोधाभास असा की ज्या गोळ्यांनी लशीची निकड कमी भासवली, त्याच गोळ्या आता लशीच्या चाचणीचा मार्ग मोकळा करू शकतात. निरोगी स्वयंसेवकांना लस देऊन मग मोजक्या मात्रेत विषाणू टोचायचा, ठरावीक काळ त्यांचे रक्त तपासत राहायचे आणि विषाणू गेला नाही तर बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी त्यांना बरे करायचे, असा प्रस्ताव संशोधक गेली काही वर्षे गांभीर्याने मांडत आहेत. मलेरिया, टायफॉइड आणि पटकी यांच्या लशींसाठी अशा चाचण्या झाल्या आहेत. सीच्या बाबतीत या गोळ्या येण्यापूर्वी हे अक्षम्य ठरले असते. आज पंचाण्णव टक्क्यांहून अधिक खात्रीचा उपचार हाती आहे, आणि उरलेल्यांसाठीही दुसऱ्या औषधांचे संयोग आहेत.

तरी कळीचे प्रश्न उरतात. स्वयंसेवकाच्या शरीरात विषाणू किती आठवडे राहू द्यायचा? सहा महिने वाट पाहिली, तरच लशीमुळे विषाणू गेला की नाही हे निश्चित कळते, पण उपचार तितका लांबतो. त्याच्या जोडीदाराला संसर्ग होऊ नये म्हणून काय करायचे, आणि मोबदल्याची रक्कम इतकी तर नाही ना की गरजू माणूस धोका न पाहताच होकार देईल? टोचायचा विषाणू कोणाच्या रक्तातून, कोणत्या शुद्धतेने मिळवायचा, हाही तांत्रिक आणि नैतिक गुंता आहे. आणि पहिल्या चाचण्या एखाद-दुसऱ्या वाणापासूनच सुरू होतील, हे उघड आहे. भारतात तिसऱ्या जनुकप्रकाराचे प्रमाण जास्त असल्याने, आपल्याकडच्या रुग्णांसाठी त्या लशीचा निकाल तिसऱ्या प्रकाराचा विषाणू वापरून पुन्हा तपासावा लागेल, आणि त्यासाठी लागणारा विषाणूसाठा व रुग्णांच्या नमुन्यांची नोंद आपल्याच प्रयोगशाळांनी आतापासून तयार ठेवायला हवी.